बायपासनंतर दहाव्या दिवशी पक्षाघात: एका प्रकरणाचा अभ्यास

रुग्ण, त्यांचं कुटुंब आणि दोन्ही रुग्णालयं ओळखू येऊ नयेत एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. उपचारांचा क्रम आणि घेतलेले निर्णय घडले तसेच ठेवले आहेत. मी कोपरखैरण्यात फॅमिली डॉक्टर आहे. ऑपरेशन मी केलेलं नाही, मेंदूतली गुठळीही मी काढलेली नाही. पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर या रुग्णाची फाइल माझ्याकडे होती, त्यामुळे एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे आणि रुग्णालयातून घरी जाताना मधे काय गळलं ते मला जवळून दिसलं. हे लिहिण्याचं कारण तेच आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ६७ वर्षांचे, वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून निवृत्त झालेले माथाडी कामगार. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणते. मधुमेह १४ वर्षांपासून, रक्तदाब १० वर्षांपासून. तंबाखू ऑपरेशनच्या जेमतेम महिनाभर आधी सुटली. घर माथाडी वसाहतीत, बैठ्या घराच्या जागी वर चढवत नेलेलं: खाली एक खोली, वर दोन, आणि मधे एकाच माणसाला जाता येईल असा उभा जिना. तो जिना चढताना छातीत दाटून यायला लागलं म्हणून ते माझ्याकडे आले.

अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले, डाव्या मुख्य धमनीत ६० टक्के. हृदयाची पंपिंग क्षमता ५० टक्के होती. मधुमेह आणि असे अडथळे एकत्र असताना बायपासचा सल्ला योग्यच होता, त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

ऑपरेशनआधी मानेच्या धमन्यांची डॉपलर तपासणी झाली. डाव्या बाजूच्या धमनीत ५० ते ६० टक्के अडथळा दिसला. हात जड पडणं, बोबडी वळणं, एका डोळ्यापुढे अंधारी येणं असं पूर्वी काहीही झालेलं नव्हतं. लक्षणं नसताना एवढ्या अडथळ्यावर बायपासआधी काही करत नाहीत, तेव्हा फक्त नोंद करून पुढे जायचं ठरलं.

बायपासनंतर पक्षाघात होण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक ते दोन. वाढलेलं वय, मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, पूर्वीचा पक्षाघात, मानेच्या धमन्यांतला अडथळा, यातलं जेवढं असेल तेवढा हा धोका वाढतो. वेळेनुसार त्याचे दोन प्रकार पडतात. एक टेबलावरच होतो. महाधमनीला चिमटा लावताना किंवा नळी घालताना तिच्या आतला चरबी-कॅल्शियमचा थर सुटून मेंदूकडे जातो, किंवा रक्तदाब फार वेळ खाली राहतो. भूल उतरल्यावर रुग्ण एक हात हलवत नाही, तेव्हा तो कळतो. दुसऱ्या प्रकारात रुग्ण नीट जागा होतो, माणसं ओळखतो, चालायला लागतो, आणि नंतर कधीतरी पक्षाघात होतो. एकूण प्रकरणांपैकी साधारण निम्मी या दुसऱ्या प्रकारातली असतात. नातेवाइकांच्या मनात मात्र फक्त पहिल्याची धास्ती असते. शुद्धीवर आले, ओळखलं, म्हणजे सुटलो. आबांच्या घरीही हेच झालं.

ऑपरेशन आणि पहिले सात दिवस

ऑपरेशन खाडीपलीकडे, मुंबईतल्या एका रुग्णालयात, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं. हृदय चालू ठेवूनच, हार्ट-लंग मशीन न लावता केलं. छातीतली धमनी हृदयाच्या पुढच्या रक्तवाहिनीला जोडली आणि डाव्या पायातली शीर काढून तिचे दोन ग्राफ्ट, म्हणजे अडथळ्याला वळसा घालणारे रक्ताचे नवे मार्ग, लावले. त्याच संध्याकाळी श्वासाची नळी निघाली. दुसऱ्या दिवशी आबा खुर्चीत बसले.

दोन गोष्टी मात्र मनासारख्या झाल्या नाहीत. पहिल्या २४ तासांत छातीतल्या नळ्यांतून अपेक्षेपेक्षा जास्त रक्त आलं. छाती पुन्हा उघडावी लागली नाही, पण तयारी ठेवली होती. आणि रक्तदाब १०० च्या आसपास रेंगाळत होता म्हणून वर्षानुवर्षं चालू असलेली, ठोके आणि रक्तदाब आवरणारी मेटोप्रोलॉलची गोळी थांबवली.

तिसऱ्या रात्री मॉनिटरवर ठोके १४० च्या पुढे गेले, तेही अनियमित. एट्रियल फिब्रिलेशन, वॉर्डातल्या भाषेत एएफ. पोटॅशियम ३.४, म्हणजे कमी निघालं. लय सुधारणारं अमिओडॅरोन शिरेतून दिलं, पोटॅशियम-मॅग्नेशियम भरून काढलं, आणि ११ तासांनी लय जागेवर आली. मेटोप्रोलॉल छोट्या डोसमध्ये परत सुरू झालं.

बायपासनंतर चौघांतल्या एकाला, काही ठिकाणी तिघांतल्या एकाला असं होतं आणि बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. हृदयाभोवतीची सूज, शरीरातला ताण, क्षारांची घट आणि आधीपासूनची मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक तुटणं ही त्याची नेहमीची कारणं. एएफमध्ये हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. त्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साकळतं आणि गुठळी धरते. लय सुधारली की ती गुठळी विरघळतेच असं नाही. शिवाय सुधारलेली लय पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा बिघडू शकते, आणि तेव्हा समोर मॉनिटर नसतो.

पहिला निर्णय: रक्त पातळ करणारं औषध द्यायचं का

चौथ्या दिवशी टीमपुढे तीन पर्याय होते. चालू असलेल्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या प्लेटलेट चिकटू न देणाऱ्या दोन गोळ्यांवर थांबायचं. क्लोपिडोग्रेल बंद करून ॲस्पिरिनसोबत अपिक्साबॅनसारखं रक्त पातळ करणारं औषध सुरू करायचं. किंवा काही दिवस थांबून मग ठरवायचं.

औषध द्यावं या बाजूने बरंच काही होतं. वय, रक्तदाब, मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचा आजार मिळून एएफमधल्या पक्षाघाताच्या धोक्याचा त्यांचा गुणांक ४ भरत होता. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की हृदयाच्या ऑपरेशननंतर एएफ झालं आणि रक्तस्रावाची भीती नसेल, तर ६० दिवस हे औषध देणं वाजवी आहे, नंतर गरज पुन्हा तपासावी. शब्द ‘वाजवी’ आहे, ‘आवश्यक’ नाही, कारण पुरावा तेवढा पक्का नाही. दुसऱ्या बाजूला होतं पहिल्या दिवशीचं रक्त. नव्या टाक्यांभोवती रक्त साचून हृदय दाबलं गेलं तर माणूस तासाभरात जातो. टीमने पहिला पर्याय घेतला: दोन गोळ्या चालू, अमिओडॅरोन सहा आठवडे, रक्त पातळ करणारं औषध नाही.

चौथ्या दिवशी हा निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. मीही कदाचित तेच सुचवलं असतं. पण सातव्या दिवशी घरी सोडताना परिस्थिती वेगळी होती. नळ्या निघून तीन दिवस झाले होते, हिमोग्लोबिन स्थिर होतं, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाभोवती पाणी नव्हतं. औषध न देण्याचं जे एकमेव कारण होतं ते संपलं होतं, आणि त्या दिवशी हा प्रश्न कुणीच पुन्हा विचारला नाही. ‘आत्ता नको’ कधी ‘नको’ झालं ते कळलंच नाही. डिस्चार्ज कार्डाच्या दुसऱ्या पानावर, रक्ताच्या रिपोर्टांच्या खाली, इंग्रजीत एक ओळ होती: तिसऱ्या दिवशी अल्पकाळ एएफ, औषधाने लय पूर्ववत. पुढे काय करायचं, कुणी आणि कधी, यातलं काही नाही. पहिली फेरतपासणी पंधरवड्यानंतरची.

घरी

सुनेने मला कार्डाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला होता. औषधांची यादी त्याच पानावर होती, दुसरं पान पाठवायची गरज आहे असं तिला वाटण्याचं कारण नव्हतं. एएफची गोष्ट मला दहाव्या दिवशी सकाळी कळली.

नवव्या दिवशी संध्याकाळी आबांना धडधडल्यासारखं झालं. घरात हाताला लावायचं डिजिटल बीपी मशीन होतं. त्याने दोनदा एरर दाखवला. तिसऱ्यांदा आकडे आले, रक्तदाब ११८/७६ आणि नाडी ११२, आणि कोपऱ्यात हृदयाचं छोटं चिन्ह लुकलुकत होतं. मुलाने मशीनचे सेल बदलले. चिन्ह तरीही आलं. रक्तदाब चांगला होता म्हणून सगळ्यांना बरं वाटलं आणि वहीत तेवढाच आकडा लिहिला गेला.

ते चिन्ह म्हणजे नाडी अनियमित असल्याची खूण. बाजारातल्या बऱ्याच मशीनमध्ये ती असते, आणि अनियमित नाडीत मशीनचा एरर येणंही नेहमीचं. त्या संध्याकाळी एक ईसीजी निघाला असता तर पुढचं टळलं असतंच असं म्हणता येणार नाही. गुठळी कदाचित आधीच धरलेली असेल. पण त्यांना त्याच रात्री रुग्णालयात नेता आलं असतं आणि औषधाचा प्रश्न पुन्हा टेबलावर आला असता.

दहाव्या दिवसाची सकाळ

पहाटे पाचला आबा उठले, बाथरूमला जाऊन आले आणि बायकोशी चार शब्द नीट बोलले. सव्वासहाला चहाचा कप उजव्या हातातून निसटला. तोंड डावीकडे ओढलेलं, शब्द फुटेना. साखर उतरली असेल असं समजून घरच्यांनी साखरपाणी पाजायला घेतलं. आबांच्या बायकोच्याच शब्दांत, "दोन चमचे घातलं, पन घशाखाली जाईना, तोंडातनंच भाईर आलं."

मधुमेही माणूस अचानक गळाठला तर साखर आठवणं स्वाभाविक आहे. पण तोंड वाकडं आणि एकच बाजू लुळी असेल तेव्हा तोंडात काहीही घालू नये; गिळणं बिघडलेलं असतं आणि पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. ग्लुकोमीटर घरात होता. रुग्णालयात साखर २१२ निघाली.

साडेसहाला सुनेचा फोन आला. "मॅडम, आबांचा उजवा हात उचलत नाही, बोलतच नाहीयेत." त्याच फोनमध्ये मी विचारल्यावर ती म्हणाली, "हॉस्पिटलमध्ये एकदा ठोके बिघडले होते म्हणे."

दुसरा निर्णय: कुठे न्यायचं

मुलाचं ठाम मत होतं की ऑपरेशन केलेल्या ठिकाणीच न्यायचं. त्यांना सगळं माहीत आहे, शिवाय उपचार योजनेत बसतील. त्याचं म्हणणं समजण्यासारखं होतं. पण सकाळच्या वेळी वाशीचा खाडीपूल ओलांडून, मानखुर्द-चेंबूर करत तिथे पोचायला तास गेला असता, आणि एवढ्या सकाळी तिथे मेंदूतली गुठळी काढणारे डॉक्टर हजर असतील का, हे फोनवर कुणी सांगू शकलं नाही. नवी मुंबईतल्याच एका खाजगी रुग्णालयात ती सोय चोवीस तास होती, वीस मिनिटांवर, पण तिथे योजना लागू नव्हती.

मी जवळच्या रुग्णालयाचा आग्रह धरला. ऑपरेशन होऊन दहाच दिवस झालेल्या माणसाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बहुधा देता येणार नव्हतं. मोठ्या ऑपरेशननंतरच्या १४ दिवसांत ते शक्यतो टाळतात. मग हाती उरत होता तारेने गुठळी ओढून काढण्याचा उपाय, आणि तो जिथे लगेच होईल तिथेच जाण्यात अर्थ होता. रुग्णालयाच्या इमर्जन्सीला मी फोन करून तीन गोष्टी सांगितल्या: शेवटचे ठीक दिसले ते पाच वाजता, दहा दिवसांपूर्वी बायपास, एएफ झालेलं. पाच वाजता, सव्वासहा नव्हे. घड्याळ लक्षणं दिसल्यापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तिथपासून मोजतात. पाचला ते बोलले होते हे त्यांच्या बायकोला आठवलं, म्हणून उपचारांची मुदत नेमकी मोजता आली.

१०८ ला फोन झाला होता, पण गाडी यायला वेळ होता. जिन्यातून स्ट्रेचर उतरलाच नसता. शेजारच्या दोघांनी आबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चादरीने छाती न आवळता खुर्चीला बांधून खाली आणलं आणि शेजाऱ्यांच्याच इको गाडीने सात वाजता रुग्णालय गाठलं. शक्य असेल तिथे रुग्णवाहिकाच बरी. इथे आधी केलेल्या फोनमुळे दारातच सीटी स्कॅनची तयारी होती, म्हणून खाजगी गाडीने नुकसान झालं नाही.

रुग्णालयातले पर्याय आणि उपचार

सव्वासातच्या सीटीत रक्तस्राव नव्हता, मेंदूचा मोठा भाग अजून शाबूत होता. पाठोपाठच्या अँजिओत डाव्या बाजूची मेंदूची मधली मुख्य धमनी उगमापाशीच बंद दिसली. ईसीजीत एएफ. पक्षाघाताच्या तीव्रतेचा गुणांक १६, म्हणजे मोठा झटका.

इंजेक्शन वेळेत बसत होतं, साडेनऊपर्यंत. छातीच्या हाडाची आणि ग्राफ्टची जखम लक्षात घेऊन न्यूरॉलॉजिस्टनी ते नाकारलं आणि थेट गुठळी काढायचं सुचवलं. इथे संमतीसाठी वेळ गेला. आत्ताच छाती उघडली आणि परत तार घालायची, म्हणून मुलाला भीती वाटत होती. खर्च काही लाखांत होता. न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी त्याला बाहेर न बोलावता स्क्रीनसमोरच बसवलं, धमनी कुठे तुटल्यासारखी दिसते ते बोटाने दाखवलं आणि म्हणाल्या, "हृदयाला हात लावायचा नाहीये. जांघेतून जायचं, मेंदूत थांबायचं, गुठळी घेऊन बाहेर यायचं." त्याने सही केली. पैशाची सोय नंतर गावच्या सोसायटीचं कर्ज आणि नातेवाईक यांच्यातून झाली.

डाव्या पायातून शीर काढलेली होती म्हणून उजव्या जांघेतून प्रवेश केला. सुई ८ वाजून २० मिनिटांनी, धमनी उघडली ८.५५ ला, दुसऱ्या ओढीत.

मग रक्तदाबाचा पेच आला. मेंदूला रक्त मिळावं म्हणून न्यूरॉलॉजिस्टना वरचा आकडा १४० च्या खाली नको होता. ताज्या ग्राफ्टमुळे हृदयाच्या डॉक्टरांना तो जास्त चढायला नको होता. मूळ सर्जनशी फोनवर बोलून १४० ते १६० ठरलं. दोन रुग्णालयांतल्या डॉक्टरांचं हे पहिलं थेट बोलणं.

दुसऱ्या दिवशीच्या सीटीत मेंदूच्या आतल्या भागात छोटा डाग (रक्ताअभावी मेलेला भाग) होता, रक्तस्राव नव्हता. आता रक्त पातळ करणारं औषध द्यायचंच होतं, प्रश्न फक्त कधी. छोट्या-मध्यम डागात ते ४८ तासांत सुरू केलं तरी धोका वाढत नाही असं २०२३ च्या एलन (ELAN) या रुग्णांवरच्या चाचणीतून दिसलं होतं. तरी इको करून हृदयाभोवती पाणी नाही याची खात्री झाल्यावर चौथ्या दिवशी अपिक्साबॅन सुरू केलं, क्लोपिडोग्रेल बंद, ॲस्पिरिन चालू. नेमकी हीच जोडी आधीच्या रुग्णालयात पर्याय म्हणून समोर होती.

परिणाम

दहा दिवसांनी आबा घरी आले. खालच्या खोलीतच पलंग लावला. फिजिओथेरपी अवघड गेली, कारण दोन आजारांचे नियम एकमेकांच्या आड येत होते. पक्षाघाताच्या व्यायामात लुळ्या हातावर भार द्यायचा असतो. छातीचं हाड जुळेपर्यंत हातांवर भार द्यायचा नसतो. खुर्चीतून उठताना हाताने रेटायचं नाही, वॉकर नको, उजव्या खांद्याला ओढ नको. फिजिओथेरपिस्टने पायांवर आणि बोलण्यावर आधी भर दिला, हाताचं काम आठ आठवड्यांनंतर वाढवलं.

तीन महिन्यांनी ते आधाराशिवाय चालतात, जिना कठडा धरून चढतात. बोलणं समजतं, पण नावं अडतात. नातवाला हाक मारताना आधी मुलाचं नाव येतं. उजव्या हाताने घास घेतात, शर्टाची बटणं लागत नाहीत. २४ तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावून दिवसभर चालणाऱ्या ईसीजीत, एएफ दिसलं नाही. तरीही औषध चालू ठेवायचं ठरलं: पक्षाघाताचे दोन धरून त्यांचा गुणांक आता ६ आहे, आणि एका दिवसाच्या होल्टरवर विसंबून ते बंद करणं मला पटत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, सातव्या दिवशीचा तो न विचारलेला प्रश्न. औषध न देण्याच्या निर्णयालाही तारीख लागते. "रक्तस्रावामुळे आज देत नाही, सातव्या दिवशी इको पाहून पुन्हा ठरवणे" एवढं केसपेपरवर असतं तर घरी सोडणाऱ्या डॉक्टरला ते वाचावंच लागलं असतं. तेव्हाही उत्तर ‘नको’ आलं असतं, तर फेरतपासणी पंधरवड्याऐवजी चार-पाच दिवसांनी ठेवून ईसीजी काढता आला असता.

मेटोप्रोलॉल आणि पोटॅशियमबद्दल मी जरा सौम्य मत देईन. रक्तदाब १०० असताना गोळी थांबवणं भाग असतं. पण रोज सकाळी "आज परत सुरू करता येईल का" हे पाहायला हवं होतं, आणि पोटॅशियम ४ च्या वर ठेवणं कठीण नव्हतं.

डिस्चार्ज कार्डाचं पहिलं पान हेच बहुतेक घरांत वाचलं जाणारं एकमेव पान असतं. ऑपरेशननंतर काय बिघडलं होतं ते त्याच पानावर, मराठीत, औषधांच्या वर असावं. आता बायपास होऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाचं पूर्ण कार्ड मी मागवते आणि पहिल्या आठवड्यातच ईसीजी काढते. घरच्यांना मनगटावर नाडी पाहायला शिकवायला पाच मिनिटं पुरतात: ठोके एकसारखे पडतायत की वेडेवाकडे, एवढंच. मशीनवरचं ते चिन्ह दिसलं किंवा एरर येत राहिला तर सेल न बदलता फोन करायचा. आणि तोंड, हात, बोलणं यातलं एकही अचानक बिघडलं तर साखरपाणी न पाजता थेट गुठळी काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं. ते कोणतं, हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारून ठेवायचं.

एक प्रश्न अजून उरला आहे. पक्षाघात डाव्या बाजूच्या धमनीचा होता आणि मानेतला ५० ते ६० टक्के अडथळाही डावीकडेच. गुठळी मानेतून गेली असेल का? अँजिओत तो थर गुळगुळीत दिसला, त्यावर व्रण किंवा चिकटलेली गुठळी नव्हती, आणि त्याच क्षणी ईसीजीत एएफ होतं. म्हणून हृदयच मूळ ठरवलं आणि मानेवर शस्त्रक्रिया न करता कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनचा डोस वाढवला. पण लक्षणं दिलेली धमनी असेल तर ५० टक्क्यांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, त्यामुळे ही शंका पूर्ण फिटलेली नाही. सहाव्या महिन्याची डॉपलर आत्ताच ठरवून ठेवली आहे. अडथळा वाढलेला दिसला किंवा औषध नीट चालू असूनही मेंदूच्या डाव्या बाजूचं, म्हणजे उजव्या हातापायाचं किंवा बोलण्याचं, काही लक्षण आलं, तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे त्याच आठवड्यात पाठवायचं, असं त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.